आतली कडी

आज दुपारी मला वर सरकवलं तेव्हा 'टक्' असा आवाज झाला नाही. काहीतरी बिनसलंय असं मला पहिल्यांदा वाटलं ते तिथेच.

इतकी वर्षं तो आवाज न चुकता होत आलाय. माझा दांडा चौकटीच्या भोकात जाऊन टेकला की 'टक्'. आज त्याऐवजी चिकट, ओलसर असं काहीतरी वाजलं, चिंचेचा कोळ पिळताना वाजतं तसं. दांडा अर्ध्यातच अडला. शेवंतीने खालून ब्रशच्या दांड्याने दणके दिले, तेव्हा कुठे मी वर जाऊन बसले. बसले कसली, रुतलेच.

मी कडी बोलतेय. दाराच्या आतल्या अंगाला, अगदी वरच्या टोकाला असते ती. बाहेरून येणाऱ्याला मी कधीच दिसत नाही. मी दिसते ती आतून दार लावून घेणाऱ्याला, आणि माणसं दार आतून लावून घेतात ती कपडे बदलायला, नाहीतर रडायला. त्यामुळे माणसांबद्दल मला जरा जास्तच माहीत आहे. जास्त माहीत असलं की भीतीही जास्त वाटते. मी तर मुळातच घाबरट. दार जोरात आपटलं तरी माझे स्क्रू थरथरतात.

माझा जन्म वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या गाळ्यातला. पितळेच्या सळईचे तुकडे पडायचे, त्यातला एक तुकडा म्हणजे मी. मला घासलं, तेलात बुडवलं आणि बाकीच्या कड्यांबरोबर पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकलं. त्या खोक्यातून मला बाहेर काढलं दौलतने. तो त्याच गाळ्यात लेथ मशीनवर कामाला होता. घर कोळीवाड्यात, खाडीच्या अंगाला. घरचे सगळे पाण्यावर जाणारे, हा एकटाच कारखान्यात जाणारा.

त्याने मला आणलं त्यालाही कारण होतं. या दाराला आधी खालच्या बाजूला एक कडी होती. त्याची मुलगी प्राप्ती तेव्हा नुकती चालायला लागलेली. तिने ती खेळता खेळता लावून घेतली आणि आत एकटी अडकली. कशीबशी तिला बाहेर काढली म्हणतात. दुसऱ्या दिवशी दौलतने ती कडी उपटली आणि मला पार वर ठोकलं. "आता बघू कोणाचा हात पोचतो," म्हणाला.

दौलत उंच होता, त्याचा हात सहज पोचायचा. त्याची बायको शेवंती मात्र ठेंगणी. तिने तिची युक्ती काढली. मला चढवायचं ते लाटण्याने, नाहीतर झाडूच्या मागच्या टोकाने. उतरवायचं असेल तर स्टुलावर चढून, बोट अडकवून. चढवणं सोपं, उतरवणं कठीण. हे मी तेव्हाच ओळखलेलं. पण कडीला कोण विचारतो!

प्राप्ती मोठी झाली ती माझ्या डोळ्यांसमोर. अशी दचकणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. कुकरची शिट्टी झाली की हातातलं पुस्तक खाली. मांजर पत्र्यावरून उडी मारायचं, ही किंचाळायची. घरात हसायचे सगळे. मोठा भाऊ दिपेश तर मुद्दाम दारामागे लपून 'भॉक्' करायचा. परीक्षेच्या दिवसांत ती मला लावून अभ्यास करायची आणि दर थोड्या वेळाने उठून मला हात लावून बघायची, नीट लागलेय ना. मला ते आवडायचं. या घरात मला हात लावून बघणारी ती एकटीच.

मग ती कॉलेज करून पुण्याला नोकरीला गेली. दिपेश लग्नानंतर टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेला. दौलत याच खोलीत आजारी होता, आणि याच खोलीतून त्याला नेलं. त्यानंतर शेवंतीने इथे मासळीच्या पाट्या, बर्फाचा डबा, जुन्या चादरी असं काहीबाही ठेवायला सुरुवात केली. मला कोणी लावेना. लावायचं कोणापासून? घरात ती एकटी.

एका गोष्टीत मात्र खंड पडला नाही. दिवाळीला घरात काही ना काही रंगवलं की तळाशी थोडा रंग उरतोच. शेवंती तो टाकणाऱ्यातली नाही. उरलेला रंग गॅसच्या ट्रॉलीला, तुळशीच्या कुंडीला, खिडकीच्या गजांना, आणि त्यातूनही उरला तर मला. मला काढून बाजूला ठेवायचं, मग दार रंगवायचं, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही कधी. आले तसे ब्रश फिरवले माझ्यावरून. आधी निळा, मग पिस्ता, मग चॉकलेटी. मी पितळेची आहे हे मला स्वतःलासुद्धा आठवावं लागायचं. प्रत्येक थराबरोबर मी जाड होत गेले आणि चौकटीतलं भोक तेवढंच राहिलं.

यंदा प्राप्ती दिवाळीच्या सुट्टीवर आली आणि दुसऱ्याच दिवशी शेवंतीने पाट्या, डबा सगळं बाहेर काढलं.

"ही तुझी खोली करूया," म्हणाली. "पेंटर आता दिवाळी झाल्याशिवाय यायचा नाय. आपण दोघी बस्स हाव."

"आई, तुला दमा आहे. वास चालेल तुला?"

"मासळीबाजारात आयुष्य गेलं माझं. वासाला घाबरून कसं चालंल?"

मग दोघी लागल्या कामाला. मला तर तो आठवडा सणासारखा वाटला. भिंतीचे पोपडे खरवडले, भेगांत लांबी भरली, पॉलिश पेपर मारला. प्राप्तीच्या केसांत पांढरी धूळ बसली तेव्हा शेवंती म्हणाली, "अगो, म्हातारी झालीस की, नवरा मिळायच्या आधीच!" भिंतींच्या रंगावरून भांडणही झालं. प्राप्तीला ऑफव्हाइट हवा होता.

"ऑफव्हाइट काय गो? हॉस्पिटल करायचंय का घराचं?"

"शांत वाटतं, आई."

"शांत गेल्यावर वाटतंच. आता मोरपंखी लाव."

शेवटी भिंती मुलीच्या, दार-खिडकी आईची, असं ठरलं. काल संध्याकाळी खिडकीच्या पाखांना, म्हणजे दोन्ही काचेच्या झडपांना, मोरपंखी लागला. डब्यात थोडा उरला. शेवंतीने सवयीने वर बघितलं, मला. स्टुलावर चढून तिने मला जाडजूड हात दिला, दांड्याला, दांडा ज्यांतून सरकतो त्या कड्यांना, स्क्रूंच्या खाचांनासुद्धा. खिडकी लगेच ओढून घेतली, कारण खाडीवरून चिलटं येतात आणि ओल्या रंगात बसतात. ओला रंग, बंद खिडकी. रात्रभरात पाखं एकमेकांना चिकटली. हे खोलीत फक्त मला कळत होतं. मीही चिकटत होते ना!

आज सकाळी भिंतींना ऑफव्हाइटचा शेवटचा हात झाला. दुपारी राहिलेलं काम म्हणजे दाराची आतली बाजू.

"दार उघडंच ठेव ना," प्राप्ती बाहेरून म्हणाली. "निदान खिडकी तरी."

"आणि चिलटं? मागच्या वेळी दार तिळाच्या वडीसारखं झालेलं. एक दार तर हाय, हां हां म्हणता होईल."

"मग कडी कशाला लावतेस?"

"वाऱ्याने दार हलतं गो. दार हललं की हात हलतो, नि मग तुझ्या ऑफव्हाइटला मोरपंखी लागंल. मग परत बोलशील आईलाच."

आणि तिने मला वर चढवलं. तो आवाज झाला. दाराच्या पलीकडून प्राप्तीचा आवाज आला.

"आई, कडी वेगळी वाजली."

शेवंती मोठ्याने हसली. "तुला कुकर पण वेगळा वाजतो. जा, भांडी घासून टाक तवर."

पोरीला बरोबर ऐकू आलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण माझा आवाज म्हणजे तो एक 'टक्', आणि तोही आज गेला होता.

शेवंती काम भराभर करते. वरपासून खालपर्यंत दार मोरपंखी झालं. मध्येच ती खोकली. मग जरा जास्त खोकली. दमा आला की तोंडात मारायचा पंप बाहेर फ्रिजवर होता. तिने ब्रश डब्यावर आडवा ठेवला, स्टूल ओढलं, चढली आणि मला बोट लावलं.

मी हलले नाही.

तिने दुसऱ्या हाताचा जोर लावला. माझ्यावरचा कालचा रंग खरवडून कड्यांमध्ये गोळा झाला होता, खाली जुने थर, वर भोकात गच्च अडकलेला दांडा. मी जीव तोडून खाली यायचा प्रयत्न केला. कडीला प्रयत्न करता येत नाही हे तुम्ही म्हणाल, पण तुम्ही त्या जागी नव्हता.

तिने हाक मारायला हवी होती. तेव्हा तिच्यात दम होता. पण ती स्वतःशीच पुटपुटली, "पोरगी उगाच घाबरंल." आणि तिने थिनरची बाटली उघडली.

विचार बरोबर होता. थिनरने रंग सुटतो. तिने फडकं भिजवून माझ्यावर दाबलं. थंडगार लागलं, वरचा थर ढिला पडायला लागला. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात बाहेर लवंगी फटाक्यांची माळ लागली. शेवंती कधी दचकत नाही, आज दचकली. बगलेतली बाटली सुटली, फरशीवर फुटली, आणि सगळं थिनर स्टुलाखाली पसरलं.

तो वास कसा सांगू! डोळ्यांत बोट घातल्यासारखा. शेवंती खाली उतरली, खोकत खोकत खिडकीशी गेली. पाखं ओढली. ढकलली. पाखं उघडली नाहीत. "प्राप्ती," तिने हाक मारली, पण ती हाक तिच्या स्वतःच्या पदरापलीकडे गेली नाही. बाहेर नळ चालू होता, भांडी वाजत होती. ती खिडकीखाली भिंतीला टेकून बसली. तिच्या छातीत मांजर घुरघुरावं तसा आवाज येत होता. मग ती हळूच एका बाजूला कलली, ओल्या ऑफव्हाइटला डोकं घासत. केसांना रंग लागला. तिने पुसला नाही.

नळ बंद झाला.

"आई, चहा ठेवू?"

शेवंतीची घुरघुर तेवढी चालू होती.

"आई? झालं का?"

दाराला टकटक झाली. मग थाप. मग दोन्ही हातांनी. दार माझ्यावर येऊन आदळायचं आणि मी त्याला घट्ट धरून ठेवायचे. माझं कामच ते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामाची किळस आली.

"आई, ओ दे ना! आई, अशी चेष्टा नको करूस!"

तिने दिपेशला फोन लावला. तो स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. पहिल्यांदा नुसतीच रिंग गेली. दुसऱ्यांदा त्याने उचलला.

"दादा, आई दार उघडत नाहीये. आतून कडी आहे. थिनरचा वास येतोय दाराखालून."

"अगं, रंगवतेय ना ती? मग वास येणारच." मागे कोणाचं तरी हसणं, मिक्सर. "तू परत चालू झालीस काय? मागे पण मला बोलावलेलंस, आई हरवली म्हणून. आई शेजारी पापड लाटत बसलेली."

"दादा, ती बोलत नाहीये!"

"झोपली असेल. दहा मिनिटं थांब, मग फोन कर."

शेजारच्या आवडाबाई काठी टेकत आल्या. बाकी गल्लीत फटाके लावणारी पोरं तेवढी, मोठी माणसं सगळी बाजारात. "काय झायलं गो? एवढी वरडतंस का?" प्राप्तीने सांगितलं. "काय नाय होत बाय. शेवंती दुपारची लवंडते जराशी. तुला लहानपणापासून सगळंच मोठं वाटतं."

दाराबाहेर एकदम काहीच हालचाल होईना. मला वाटलं, पटलं तिला. तिला सगळे आयुष्यभर हेच सांगत आलेत, ती ऐकेल. चहा टाकेल. दहा मिनिटं थांबेल. आणि इकडे शेवंतीच्या छातीतली घुरघुर लांब लांब अंतराने यायला लागली होती.

मग मला एक आवाज आला. फू.

देवासमोरचा दिवा. प्राप्तीने तोंडाने फुंकर मारून विझवला होता. या घरात दिवा असा कोणी विझवत नाही, त्याला फुलाने शांत करतात.

"अगो, काय केलंस! सणाचा दिवा..."

"आवडाकाकू, थिनर पेट घेतं. गल्लीत कोणाला फटाके लावू देऊ नका. आणि जो दिसेल त्याला बोलवा. जा लवकर."  आवडाबाईंची काठी या वेळी भराभर वाजत गेली. बहुतेक वास त्यांच्याही नाकात गेला असावा.

प्राप्तीची पावलं बाहेर गेली, घराला वळसा घालून बोळात आली. खिडकीच्या धुरकट काचेवर तिची सावली पडली. काचेवर काहीतरी आदळलं. काच तडकली, दुसऱ्यांदा फुटली. खाडीचा वारा आत आला. खारट, चिखलाचा, सुक्या मासळीचा. मी इतकी वर्षं त्या वासाला नाक मुरडत आले. आज मला तो पूजेच्या धुपासारखा वाटला.

गजांमधून तिचा चेहरा दिसला. तिला आई दिसत नव्हती, आई खिडकीच्या अगदी खाली होती. दिसला तो फक्त एक पाय आणि फुटलेली बाटली.

"आई!"

पाय हलला नाही.

ती पुन्हा धावली. आता ती दारापाशी होती आणि लोखंड खणखणलं. शेवंतीचा कोयता. मोठी मासळी तोडायचा. प्राप्तीने तो लहानपणापासून कधी हातात धरला नव्हता, त्याच्या बाजूने जातानासुद्धा ती लांबून जायची. आता त्याचं पातं फटीतून आत आलं, मला लागायला बोटभर राहिलं. मग थबकलं.

"नको," ती स्वतःशीच म्हणाली. "ठिणगी."

कोयता बाहेर ओढला गेला. मी घाबरट म्हणून मला घाबरट माणसं कळतात. ज्याला सगळ्याचीच भीती वाटते, त्याने प्रत्येक गोष्ट कशी बिघडेल याचा विचार आधीच करून ठेवलेला असतो.

मग ती काहीतरी जड ओढत आली. ज्यावर मासळी तोडतात तो चिंचेचा लाकडी ठोकळा. तो उचलताना ती कण्हली. आणि दाराच्या वरच्या अंगाला, बरोबर माझ्या पाठीमागे, पहिला धक्का बसला.

माझे स्क्रू कळवळले. दौलतने लांब स्क्रू वापरलेले, पक्कं काम होतं त्याचं. दुसरा धक्का. "आई, बोल ना काहीतरी!" तिसरा. ती रडत होती आणि मारत होती. घामाने तिचा हात घसरत असणार, कारण मध्येच ठोकळा पायावर पडल्यासारखा आवाज झाला आणि ती ओरडली. मला वाटलं, संपलं. पण ठोकळा पुन्हा उचलला गेला.

तोड मला, प्राप्ती. मी आयुष्यभर तुला आतून सांभाळलं, परीक्षेच्या रात्री, रडण्याच्या दिवशी. तू उठून उठून बघायचीस मी नीट लागलेय का. आज मी इतकी नीट लागलेय की माझं मलाच सुटता येत नाही. माझी पर्वा करू नकोस. दाराची, रंगाची, कशाचीच नको. तोड.

वरचा स्क्रू लाकडासकट उखडला. मग दुसरा. दांडा चौकटीच्या भोकातच वाकला, आणि पुढच्या धक्क्याला मी हवेत उडाले.

आता मी फरशीवर, शेवंतीच्या बाजूला पडलेय. कमरेत वाकलेय. पडताना मोरपंखी, चॉकलेटी, पिस्ता, निळा, सगळे थर तडकून सुटले आणि आत माझं पितळ दिसतंय, पिवळंधमक. पहिला निळा लागल्यापासून आजच दिसलं. मला पुन्हा सरळ करून कोणी दाराला बसवू नका, एवढंच मागणं आहे. भंगारात द्या, वितळवा, माझा दिव्याला तेल घालायचा चमचा करा. चालेल.

दार भिंतीवर आदळलंय. ऑफव्हाइटवर मोरपंखीचा भलामोठा पट्टा उमटलाय. प्राप्ती काचांवरून धावत आलीय, तिच्या हातात फ्रिजवरचा पंप आहे. तिने आईचं डोकं मांडीवर घेतलंय, पंप तोंडाशी लावून दाबलाय. एकदा. पुन्हा. बाहेर आवडाबाई आणि आणखी माणसांची पावलं जवळ येतायत. मोडक्या दारातून आणि फुटक्या खिडकीतून वारा आरपार वाहतोय.

"आई."

काही नाही.

"आई, ए आई, ऐकतेयस ना?"

शेवंतीच्या रंगाने माखलेल्या केसांतली एक बट हलली. वाऱ्याने असेल. मी श्वास धरला, माझ्याकडे असेल नसेल तेवढा.

"आई!"

आणि माझ्या शेजारून, अगदी बारीक, खरखरीत आवाजात, शेवंतीने ओ दिली.